अकरा रुपये, दहा आणे, आठ पै

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आमच्याकडं छाती पुढं काढून म्हणतात. मधले देश आणि मधली गावं कुठं गेली, हे विचारायचं नसतं. याहून जुनी म्हण निजामाच्या काळातली: 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. म्हणजे कुठं जमलं तर जमलं, नाहीतर परभणी आहेच. अशा गावातल्या माणसानं टीव्हीवरच्या मालिकेबद्दल मत द्यावं का? जरूर द्यावं. मत देण्याला आमच्याकडं भारनियमन नाही.

मालिकेचं नाव 'ध्रुव तारा – समय सदी से परे'. २०२३च्या फेब्रुवारीत सोनी सबवर सुरू झाली. सतराव्या शतकातली तारा नावाची राजकन्या भावाचा जीव वाचवायला थेट एकविसाव्या शतकात येते आणि इथं तिला ध्रुव नावाचा मेंदूचा डॉक्टर भेटतो. डॉक्टर मेंदूचा, दुखणं काळजाचं आणि हप्ता रोजचा. पुढचं कुणालाही सांगता येईल.

आमच्या घरी ही मालिका चौघं बघायचो आणि चौघं चार वेगवेगळ्या मालिका बघायचो. बायको ताराचे दागिने बघायची. बारावीतली मुलगी एक डोळा टीव्हीवर आणि दुसरा मोबाइलवर ठेवून 'याच्यापेक्षा कोरियन बघा' असं सांगायची. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळं चुका काढायचो. आणि चौथी माझी आजी. तिला सगळं घर मोठीमाय म्हणतं. वय नव्वदीला टेकलेलं, नजर अधू, कान तिच्या सोयीनं चालतात. कॉटवर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत ती मालिका ऐकायची.

पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "कोण गं ही पोरगी?"

"राजकन्या आहे, मोठीमाय. चारशे वर्षांपूर्वीची."

"मग हितं कामून आली?"

"काळ ओलांडून आली."

"आसं का," म्हणून ती पुन्हा सुपारीकडं वळली. तारा जणू पाथरीहून दुपारच्या एसटीनं आली होती. थोड्या वेळानं मात्र तिनं खरा प्रश्न काढला. "येताना बरोबर काय आणलं तिनं?"

हे कुणालाच माहीत नव्हतं. राजकन्या रिकाम्या हातानं आलेली दिसत होती. मोठीमायनं मान हलवली. तिच्या लेखी मालिका तिथंच पडली.

माझ्या लेखी ती पडायला थोडा वेळ लागला. आइन्स्टाइनच्या हिशेबानं पुढच्या काळात जायला तत्त्वतः हरकत नाही. फार वेगानं जाणाऱ्याचं घड्याळ हळू चालतं, तो परत येतो तेव्हा बाकीचे म्हातारे झालेले असतात. मागं जाण्याचं मात्र कठीण आहे. म्हणजे ताराला इकडं यायला परवानगी आहे, परतीचं तिकीट मिळणार नाही. हे मी जाहिरातींच्या वेळात घरच्यांना समजावलं. बायको म्हणाली, "तुम्ही आधी सिलिंडरचा नंबर लावा."

विज्ञान सोडा, पण भाषेचं काय? राजकन्या बोलते ती हिंदी आकाशवाणीच्या बातम्यांसारखी, आणि डॉक्टरला ती पहिल्या फटक्यात समजते. माझ्या मावसभावाची बायको रत्नागिरीकडची. शतक एकच, राज्य एकच, दोन्हीकडची भाषा मराठीच. तरी 'कामून' म्हणजे 'का' हे कळायला तिला सहा महिने लागले. तोवर तिला वाटायचं, कामू नावाचा कुणी नातेवाईक आहे आणि सगळे सारखे त्याचीच चौकशी करतात.

त्याहून मोठी अडचण चहाची. सतराव्या शतकात आपल्याकडं कुणाच्या घरी सकाळी चहाचं आधण चढत नव्हतं. ताराला चहा माहीत असायचं कारण नाही. परभणीत घरी आलेलं माणूस 'चहा नको' म्हणालं, तर त्याचा अर्थ एकच निघतो: भांडायला आलंय. जेवणाचं मात्र जमलं असतं. मिरची तोवर पोर्तुगिजांच्या जहाजांतून येऊन पोचली होती, त्यामुळं ठेचा चालला असता. भेंडी वाढली असती ती 'परभणी क्रांती', आमच्या कृषी विद्यापीठानं काढलेला, पानं पिवळी पाडणाऱ्या रोगाला दाद न देणारा वाण. भाकरी 'परभणी मोती' ज्वारीची. चारशे वर्षं चालून आलेल्या बाईला क्रांती आणि मोती एकाच ताटात आम्हीच वाढू शकतो. जर्मनीचं सांगता येत नाही.

पत्ता विचारताना मात्र तिची पंचाईत झाली असती. अकबराच्या काळच्या 'ऐन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार म्हणून नोंद आहे ती पाथरीची. सरकार म्हणजे तेव्हाचा जिल्हाच म्हणा. त्या काळची बाई 'पाथरी कुठं' असं विचारत आली असती आणि परभणीला वळसा घालून गेली असती. पाथरीची माणसं हा मुद्दा अजून लग्नाच्या पंगतीत काढतात. आम्ही तेव्हा मठ्ठा मागतो.

कालप्रवासाला दार लागतं. परदेशी मालिकांत ती सोय चांगली असते. 'आउटलँडर'मध्ये स्कॉटलंडातले उभे दगड आहेत. महायुद्ध संपलेलं, १९४५ साल. क्लेअर नावाची नर्स नवऱ्याबरोबर निवांत फिरायला येते, दगडाला हात लावते आणि १७४३ मध्ये जाऊन पडते. तिथं तिला दुसरा भेटतो. पहिला बिचारा इकडं शोधत बसतो. दगडांची आमच्याकडंही वाण नाही. जिंतूर तालुक्यात चारठाण्याला यादवकाळातली देवळं उभी आहेत. सेलू तालुक्यात वालूरला बारव आहे, तिच्या पायऱ्या चकलीसारख्या गोल फिरत खाली जातात. गावकऱ्यांनी गाळ काढून ती मोकळी केली. काळाचं दार मराठवाड्यात कुठं असेल तर ते तिथंच, असा माझा दावा होता, म्हणून मी स्वतः उतरून पाहिलं. तळाला गेलो, वर आलो, साल तेच होतं. मोबाइलची रेंज तेवढी गेली होती, पण रेंज जाण्याला आमच्याकडं कालप्रवास म्हणत नाहीत.

मुलीची कोरियन मालिका 'मून लव्हर्स' २०१६ची. वीस भागांची. त्यातली आजच्या काळातली पोरगी खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी पाण्यात उतरते आणि हजारेक वर्षं मागं, गोर्यो राजघराण्यात पोचते. तिथं राजपुत्रच राजपुत्र. हे ऐकून मोठीमायनं अडकित्ता खाली ठेवला.

"गिराणात बाहेर कामून पडली?"

"लहान पोरगं बुडत होतं, त्याला वाचवायला."

"ते ठीक हाय. पण गिराण लागल्यावर पाण्यापाशी जाऊ नाही, हे तिच्या मायनं सांगाया नको?"

मी विज्ञानाचा मास्तर. ग्रहणाचा बाऊ करू नका हे पंचवीस वर्षं पोरांना सांगत आलोय. पण मोठीमायचं ऐकलं असतं तर त्या पोरीचे वीस भाग वाचले असते, हे मला मान्य करावं लागलं.

या सगळ्या मालिकांत मला एक गोष्ट खटकते. काळ ओलांडून गेलेली बाई पडते ती राजपुत्राच्या, सरदाराच्या नाहीतर डॉक्टरच्या पुढ्यात. तलाठ्याच्या पुढ्यात कुणी पडत नाही. तिकडं मराठी माणसाचं पाहा. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेतल्या प्राध्यापकांना ट्रकचा धक्का बसतो आणि ते अशा जगात पोचतात, जिथं पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं आहे. माणूस दुसऱ्या इतिहासात जाऊन आला आणि तिथं त्यानं काय केलं? ग्रंथालयात बसून वाचन केलं. मग एका सभेत अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसली म्हणून व्यासपीठावर चढला. प्रेमाबिमाला सवडच मिळाली नाही. आपल्याकडं कालप्रवासाची प्रेमकथा का रुजली नाही, याचं उत्तर मला तिथं सापडलं.

"रुजली नाही कशी?" मोठीमाय म्हणाली. "रेवतीचं ठाऊक नाही का तुला?"

भागवत सप्ताहांत बसून तिनं हे सगळं पाठ केलेलं. रैवत ककुद्मी राजाची पोरगी रेवती. तिच्या जोगा नवरा मिळेना म्हणून बाप तिला घेऊन ब्रह्मदेवाकडं विचारायला गेला. तिथं गंधर्वांचं गाणं चालू होतं. बाप म्हणाला, संपू दे. गाणं संपल्यावर त्यानं स्थळांची यादी पुढं केली, तर ब्रह्मदेव हसला. तेवढ्या वेळात खाली सत्तावीस चतुर्युगं उलटली होती. यादीतली स्थळं, त्यांची पोरं, नातवंडं, कुणी म्हणून उरलं नव्हतं.

मी मोबाइलवर हिशेब केला. एक चतुर्युग त्रेचाळीस लाख वीस हजार वर्षांचं, त्याची सत्तावीस पट म्हणजे ११ कोटी ६६ लाख ४० हजार वर्षं. क्लेअरचं दोनशे वर्षांचं अंतर यापुढं परभणी ते मानवत रोड.

"म्हणून म्हणते," मोठीमायनं तात्पर्य काढलं, "पोरीला स्थळ बघाया निघाल्यावर बापानं गाणं ऐकत बसू नाही."

पुढं रेवती बलरामाला दिली. ती पडली जुन्या युगातली, ताडासारखी उंच. बलरामानं नांगर लावून तिला आपल्या बरोबरीची केली. यावर आतून बायकोचा आवाज आला. "बायकोलाच ठेंगणी केली. स्वतः चार बोटं उंच व्हायला काय झालं होतं?" पुराणावर इतकी नेमकी टीका मी कीर्तनातही ऐकली नाही.

मालिका बघताना आमच्याकडं आणखी एक गंमत व्हायची. तारा महालात उभी असायची आणि लाइट जायची. लाइट यायची तेव्हा ती दवाखान्यात असायची. मधली चारशे वर्षं तिनं कशी ओलांडली ते आम्हाला कधीच दिसलं नाही. दिग्दर्शकानं लाखो रुपये घालून जे दाखवलं असेल, ते आमच्या डीपीनं फुकटात केलं.

दवाखान्याचं निघालं म्हणून सांगतो. बिनओळखीची बाई दवाखान्यात येते आणि कुणी तिचं आधार कार्ड मागत नाही, हा मालिकेतला सर्वांत मोठा चमत्कार मला वाटला. माझ्या चुलत्यांचं बोट मागं एकदा यंत्रावर उठेना. शेतकरी माणूस, कापूस वेचून वेचून रेषा झिजलेल्या. समोरचा माणूस म्हणाला, "तुम्ही तुम्ही नाहीत." चुलते सत्तर वर्षं याच काळात राहत होते, तरी त्यांना वर्तमानकाळात प्रवेश मिळाला नाही. ताराचं बोट पहिल्यांदाच उठलं असतं. राजकन्या काही कापूस वेचत नाहीत.

कागदांवरून त्या वर्षी आमच्याकडं कालप्रवासाची साथच आली. २०२३च्या सप्टेंबरात सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि सगळ्या मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. गावोगाव माळ्यावरच्या पेट्या खाली आल्या. मोडी वाचणाऱ्यांना भाव आला, उर्दू वाचणाऱ्यांच्या ओट्यावर चपला मावेनात. ज्या पणजोबाचा फोटो घरात नव्हता, त्याचं नाव पोरं देवासारखं घेऊ लागली. आम्हाला कुणबी असल्याचा दाखला हवा होता की नको, हा प्रश्नच नव्हता. शेजाऱ्यानं पेटी काढली म्हणून आम्हीही काढली.

पेटीत वाळवीनं सोडलेल्या दहा-बारा पावत्या निघाल्या. गल्लीतल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडं नेल्या. त्यांनी एक पावती उजेडाला धरली आणि साल वाचलं: "तेराशे सत्तावन्न."

घरी येऊन ते सांगितलं, तर मुलगी उडालीच. "पप्पा! पणजोबा चौदाव्या शतकात सारा भरत होते?"

मग समजावून सांगावं लागलं. निजामाच्या राज्यात फसली सन चालायचा, पिकांच्या हंगामावर बेतलेला. इसवी सनाच्या तो ५९० वर्षं मागं, आणि जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंत ५९१. महसुलाच्या जुन्या कज्ज्यांत वकील आजही 'हैदराबाद जमीन महसूल कायदा, १३१७ फसली' असं म्हणतात. तो १९०७चा कायदा. म्हणजे पावतीतलं १३५७ हे १९४७-४८चं. आख्खा देश १५ ऑगस्टला स्वतंत्र झाला, पण आमचा जिल्हा निजामाकडं अडकला होता. आम्हाला स्वातंत्र्य मिळालं ते १७ सप्टेंबर १९४८ला, तेरा महिने उशिरा. परभणी-मनमाड एकेरी रुळावर गाडी क्रॉसिंगला थांबते, त्यातला प्रकार.

"तेराशे सत्तावन्न?" कॉटवरून आवाज आला. "तवाच तर आले मी."

मोठीमायचं माहेर लोणारच्या अंगाला, वऱ्हाडात. तो मुलूख तेव्हा स्वतंत्र हिंदुस्थानात. सासर जिंतूर तालुक्यात, निजामाच्या राज्यात. लग्न माघातलं, गांधीजींना जाऊन पंधरवडा झालेला. रझाकारांच्या भीतीनं लोक इकडून घरदार सोडून सरहद्दीपल्याड जात होते, आणि ही चौदा वर्षांची पोरगी बैलगाडीत बसून तिकडून इकडं नांदायला आली. सकाळी निघाली तेव्हा १९४८ होतं. दिवे लागायला उतरली तेव्हा १३५७. ५९१ वर्षं, एका दिवसात, मुक्काम न करता. क्लेअरला दगड लागले, कोरियन पोरीला ग्रहण. मोठीमायला बैलजोडी पुरली. त्यातला एक बैल लंगडत होता, हेही तिनं सांगितलं.

"आणि येताना बरोबर काय आणलं?" मुलीनं विचारलं. मोठीमाय इतके दिवस सगळ्या नायिकांबद्दल हेच विचारत होती.

"बापानं पदराला धा रुपये बांधले होते. कलदार."

मोठीमाय इकडं आली आणि ते दहा रुपये एका दिवसात मुके झाले. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चालायचा. त्यात दोन महिने आधी निजामानं वटहुकूम काढून हिंदुस्थानचा कलदार रुपया आपल्या राज्यात चलनातून बाद केला होता. नव्या नवरीला हे कुणी सांगणार? तिनं बांगड्या भरायला रुपया काढला, तर कासारणीनं तो विंचवासारखा दूर सारला. सासूनं झाकून ठेव म्हणून सांगितलं. पोरगी रात्रभर रडली. बापानं खोटे पैसे दिले, असं तिला वाटलं.

"तुझ्या आज्यानं आइकलं असंल. दिवसा तर बोलायची सोय नव्हती. तोंड बी धड पाहिलं नव्हतं मी त्यांचं. त्यांनी निरोप धाडला, पैशे दे म्हणून. दिले. म्या म्हणलं, गेले."

आजोबा चौथ्या दिवशी आले. कुठं गेले, सरहद्दीवर कुणाला गाठलं, हे त्यांनी तेव्हा सांगितलं नाही आणि पुढं पन्नास वर्षंही सांगितलं नाही. आले ते सरळ चुलीपाशी. सासू शेजारी बसलेली असताना त्यांनी मोठीमायच्या हातावर नाणी मोजली. भाव सात हालीला सहा कलदार. दहा कलदाराचे झाले अकरा रुपये, दहा आणे, आठ पै.

"आठ पै बी?" बायकोनं विचारलं.

"आठ पै बी. दोन-दोन पैची चार नाणी. वरची आठ पै कोण मोजतं माय? ठेवली असती खिशात, तर मला कळलं असतं का?" मोठीमाय जरा थांबली. "तवा म्या पहिल्यांदा तोंड वर करून पाहिलं त्यांच्याकडं."

टीव्हीवर त्या वेळी तारा आणि ध्रुव समोरासमोर उभे होते. वारा सुटला होता, केस उडत होते, संगीत वाजत होतं. बायकोनं रिमोट घेऊन आवाज बंद केला.

पुढं सातच महिन्यांनी हिंदी फौजा आल्या आणि निजाम शरण आला. क्लेअरला, ताराला, सगळ्यांनाच एक प्रश्न छळतो: आपल्या काळात परत जायचं की इथंच राहायचं? मोठीमायला कुठं जावंच लागलं नाही. तिचा वर्तमानकाळ स्वतः रणगाडे घेऊन तिच्यामागं सासरी आला. अशी सासुरवाशीण मी दुसरी ऐकली नाही.

तेव्हा माझं मत असं. मालिका वाईट नाही. पण राजकन्या चारशे वर्षं ओलांडून येते आणि तिच्या पदराच्या गाठीत काय आहे, हे लेखकानं एकदाही पाहिलं नाही. ध्रुव तिच्यासाठी गुंडांशी भिडतो, काळाशी भिडतो, नशिबाशी भिडतो. तिच्याकडची जुनी मोहर सराफाकडं नेऊन योग्य भावानं बदलून आणली, असा साधा प्रसंग मला दिसला नाही. लाइट गेलेली असताना दाखवला असेल तर माहीत नाही.

हे मत मी घरात मोठ्यानं मांडलं. चूक झाली. बायको माझ्याकडं बघू लागली. ती हिंगोलीची. लग्न ठरलं तेव्हा हिंगोली आमच्याच जिल्ह्यात होती. १ मे १९९९ला वेगळा जिल्हा झाला आणि त्याच महिन्यात आमचं लग्न, त्यामुळं तीही सरहद्द ओलांडूनच आलेली.

"मलाही बाबांनी पदराला पाचशे एक बांधले होते," ती म्हणाली. "तुम्ही दुसऱ्याच दिवशी मागून घेतले. आठवतंय?"

आठवत होतं. मोपेडमध्ये पेट्रोल घातलं होतं आणि मित्रांना कलिंगड चारलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी कोऱ्या नोटा आणल्या आणि चुलीपाशी नाही तरी गॅसपाशी, मोठीमायच्या देखत, बायकोच्या हातावर मोजल्या. पाचशे. वर एक रुपयाचं नाणं. तिनं ते पदराला बांधलं, जराशी हसली, आणि माझा प्रसंग आजोबांच्या तोडीचा होणार असं मला वाटू लागलं.

तेवढ्यात अडकित्ता थांबला.

"नव्व्याण्णव सालचे पाचशे एक ना?" मोठीमायनं विचारलं. "आज काय भाव निघतो त्याला?"